कोकणात मंगलोरी कौलांना १८ अंशांचा उतार पुरेल का?

सडेकर

राजापूर तालुक्यात, सड्यावर (कातळाच्या पठारावर), अगदी उघड्या जागेवर घर बांधायला घेतलंय. जांभ्याच्या भिंती, माप ३० बाय ४० फूट, दुपाखी छप्पर, लोखंडी कैच्या आणि वर मंगलोरी कौलं. आढं, म्हणजे छपराचा माथा, उत्तर-दक्षिण आहे, म्हणून एक पाखं (उताराची बाजू) थेट पश्चिमेला तोंड करून. दोन्ही वळचणी ३ फूट बाहेर, त्रिकोणी भिंतींच्या बाजूंना २-२ फूट. पश्चिमेला ८ फुटी पडवी, तिच्यावर १० अंशांत पत्रा.

ड्रॉइंगमध्ये मुख्य छपराचा उतार १८ अंश दिलाय. डिझायनर घाटावरचे आहेत. त्यांचं म्हणणं, उतार कमी ठेवला की कौलं कमी लागतात, लोखंड कमी लागतं, आणि घर बुटकं असल्यामुळे वाराही कमी लागतो. सुतार म्हणतो, फुटाला सात इंच चढ दिला तरच काम करीन.

प्रश्न दोन. १८ अंशांवर मंगलोरी कौल चालतं की नाही? आणि बार्शीकडची माळवदाची, म्हणजे मातीच्या छपराची, घरं जवळजवळ सपाट असूनही टिकतात, मग इथेच एवढा चढ कशाला?

वासे_रीप

सुताराचं ऐका. फुटाला ७ इंच म्हणजे ३० अंश. १८ अंश म्हणजे फुटाला जेमतेम ४ इंच. तेवढ्यावर मंगलोरी कौल गळणार, आणि पहिल्याच पावसाळ्यात गळणार.

कारण समजून घ्या, म्हणजे डिझायनरशी बोलता येईल. मंगलोरी कौल साधारण ४१० मिमी लांब असतं, रिपा (कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या) सुमारे ३२० मिमीवर येतात. म्हणजे वरचं कौल खालच्या कौलावर साधारण ९० मिमी चढतं. पाणी आत यायचं तर या ९० मिमीच्या सांध्यातून उलटं वर चढायला हवं. एरवी ते चढत नाही. वाऱ्याने ढकललं तर चढतं.

आता त्या ९० मिमीची उभी उंची काढा. इथे एक गोम आहे. कौल वाशाला (रिपांखालच्या उतरत्या लाकडाला) समांतर बसत नाही. त्याचं खालचं टोक दुसऱ्या कौलाच्या डोक्यावर टेकलेलं असतं, त्यामुळे कौलाचा स्वतःचा उतार वाशापेक्षा तीन-चार अंशांनी कमी भरतो. वासा १८ अंश तर कौल १४ अंश. १४ अंशांवर ९० मिमीची उभी उंची फक्त २२ मिमी. वासा ३० अंश, कौल २६ अंश, तर उंची ३९ मिमी.

वाऱ्याचा दाब पाण्याच्या उंचीत मोजता येतो. ताशी ७२ किमीचा झोत असेल तर साधारण २४ मिमी पाणी उचलण्याइतका दाब होतो. ताशी ९० किमीला ३८ मिमी. ही वरची मर्यादा झाली. कौलांच्या फटींतून हवा आतबाहेर करते म्हणून पूर्ण दाब सांध्यावर येत नाही. पण २२ आणि ३९ यांत फरक कुठे पडतो ते दिसलं असेल. आषाढात सड्यावर ७२ चा झोत म्हणजे काही विशेष नाही.

दुसरं म्हणजे कमी उतारावर पाणी रेंगाळतं. कौलाच्या खाचांत पालापाचोळा, शेवाळ साठतं, खाच भरली की पाणी शेजारच्या कौलाच्या कडेवरून आत. ३० अंशांवर जोराची सर आली की खाचा आपोआप धुऊन निघतात.

कौलांचा हिशोब पण बघा, कारण 'कौलं कमी लागतात' हे अर्धंच खरं आहे. तुमचं छप्पर वळचणींसकट ३६ बाय ४४ फूट. १८ अंशांवर दोन्ही पाखी मिळून साधारण १,६६५ चौरस फूट. ३० अंशांवर १,८३०. ब्रासला (१०० चौरस फुटांना) १४५ कौलं धरली तर फरक २४० कौलांचा. तुटफूट म्हणून तुम्ही एवीतेवी ५ टक्के जास्त मागवणारच आहात, म्हणजे सव्वाशे-दीडशे. एवढ्यासाठी उतार मोडायचा?

पोफळबाग

थोडा वेगळा सूर. आमच्या भागात, गुहागरकडे, २२-२३ अंशांची कौलारू घरं कितीतरी आहेत आणि ती गळत नाहीत. ३० च पाहिजे असा काही कायदा नाही.

वासे_रीप

@पोफळबाग, तुमचं निरीक्षण बरोबर असेल, पण ती घरं कुठे आहेत ते बघा. वाडीत, माड-पोफळी, आंबा-फणसाच्या आडोशाला, आणि बहुतेक चौपाखी. तिथे पाऊस सरळ पडतो. सड्यावर तो आडवा येतो. पावसाचे मिलिमीटर दोन्हीकडे तेच, झड वेगळी. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस आहे. उतार ठरवताना तो आकडा फारसा उपयोगी नाही. पश्चिमेला किती मोकळं आहे, हे बघायचं.

जुनी घरं आणखी एका कारणाने तगतात. दरवर्षी मेमध्ये कौलं परतली जायची. फुटकी काढायची, खाचा झाडायच्या, सरकलेली वर घ्यायची. आता तो माणूस मिळत नाही. वर्षाआड छपरावर कोण चढणार याचं उत्तर नसेल तर उतार दोन अंश जास्तच ठेवा.

स्ट्रक्चर_वाला

वाऱ्याबद्दल डिझायनरांनी जे सांगितलं ते नेमकं उलटं आहे, म्हणून लिहितो.

वारा छपराला ढकलतो त्यापेक्षा जास्त उचलतो. वाऱ्यावर बांधकाम तपासायचं भारतीय मानक म्हणजे आय.एस. ८७५, भाग ३. त्यात घराची उंची रुंदीच्या निम्म्याच्या आत असताना दुपाखी छपराच्या वाऱ्याकडच्या पाख्यावरचे आकडे (वाऱ्याच्या दाबाला गुणायचे) असे आहेत: ५ अंशांवर उणे ०.९, १० अंशांवर उणे १.२, २० अंशांवर उणे ०.४, ३० अंशांवर शून्य, ४५ अंशांवर अधिक ०.३. उणे म्हणजे वर खेच. म्हणजे सगळ्यात वाईट उतार १० अंशांच्या आसपास. तुमच्या पडवीला नेमका तोच दिलाय! मुख्य छपराचे १८ अंश म्हणजे उणे ०.५५ च्या आसपास. ३० ला वाऱ्याकडच्या पाख्यावरची बाहेरची खेच जवळजवळ संपते, पलीकडच्या पाख्यावर उणे ०.४ राहते.

आता किलोत. वाऱ्याचा मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर धरतात, पुण्याला आणि पणजीला ३९. ३९ ने दाब निघतो चौरस मीटरला ९३ किलो. मंगलोरी कौलाचं वजन अडीच किलो, चौरस मीटरला १५ कौलं, म्हणजे ३७-३८ किलो, भिजल्यावर थोडं जास्त. दार-खिडकी उघडी राहून वारा आत शिरला तर आतून आणखी ०.५ चा रेटा धरावा लागतो. म्हणजे ३० अंशांवरही पलीकडच्या पाख्यावर ०.९ गुणिले ९३, ८० किलोच्या वर खेच. कौल नुसत्या वजनावर बसत नाही, ते बांधायला लागतं. फटींतून हवा निघून जाते म्हणून प्रत्यक्षात सगळी कौलं उडत नाहीत, पण कडेच्या ओळी उडतात. तुम्ही सड्याच्या टोकाला असाल तर जमिनीच्या चढाचा गुणक वेगळा लागतो, तो १.३६ पर्यंत जाऊ शकतो. इंजिनिअरला हे तोंडाने विचारा. बऱ्याचदा तो डोळे झाकून १ धरलेला असतो.

बांधायचं कुठे? वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळच्या दोन ओळी आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींकडच्या दोन-दोन कौलांच्या पट्ट्या, यांतलं प्रत्येक कौल. मधल्या भागात एकाआड एक ओळ. कौलाच्या पाठीला तारेसाठी भोक असतं, त्यातून रिपेला बांधायचं. तार तांब्याची किंवा स्टेनलेसची. साधी बाइंडिंग तार खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकत नाही. वळचणीखाली लाकडी किंवा सिमेंट शीटचं छत मारून तो भाग खालून बंद करा. ३ फुटांची वळचण म्हणजे वाऱ्याच्या हाताला सापडलेलं टोक आहे.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं, तेव्हा पडव्या आणि शेडचे पत्रे आधी गेले. त्यात आश्चर्य काही नाही, वरचा तक्ता तेच सांगतो.

सडेकर

फारच उपयोगी. दोन अडचणी आहेत. ३० अंश केले तर आढं भिंतीच्या वर खूप चढतं, खर्चाचं काय? आणि मुख्य छप्पर ३० केल्यावर वळचण एवढी खाली येते की पडवीत डोकं आपटेल. म्हणून कौलं सोडून सरळ पत्रा करावा का, तोही १८ वर?

स्ट्रक्चर_वाला

आढं आणि वळचणीच्या टोकाची पातळी यांतला फरक १८ अंशांवर ५ फूट १० इंच, ३० वर १० फूट ५ इंच. साडेचार फूट उंची वाढते हे खरं. पण लोखंड त्या प्रमाणात वाढत नाही. कैची उंच झाली की तिच्या खालच्या-वरच्या पट्ट्यांतला ताण कमी होतो. बुटक्या कैचीत तोच ताण वाढतो आणि पाईप जाड घ्यावा लागतो. दोन्ही हिशोब करून बघायला सांगा, फरक तुम्हाला वाटतो त्याच्या निम्माही नसेल. वाढतात त्या त्रिकोणी भिंती, तेवढा जांभा लागेल. बदल्यात पोटमाळा मिळतो, आणि तापलेली हवा तुमच्या डोक्यापासून लांब राहते. त्रिकोणाच्या वरच्या टोकाला जाळी ठेवा, तिच्यावर पुढे आलेली तिरकी पट्टी हवी. नाहीतर झड सरळ माळ्यावर येईल.

पडवीचं असं करा. भिंत १० ऐवजी ११ फूट. पडवीच्या बाजूला वरची वळचण ३ फूट काढू नका, फूटभर पुरे. ती भिंतीच्या डोक्यापासून ७ इंच खाली येते. पडवीचं छप्पर भिंतीला १० फुटांवर टेकवा, उतार १८ अंश, आडवं माप ८ अधिक दीड फूट वळचण. तिचं टोक जमिनीपासून ६ फूट ११ इंचांवर येईल. वाकावं लागत नाही, झडही बरीच अडते.

पण या पडवीवर नुसती कौलं घालू नका. वरच्या पाख्याचं सगळं पाणी तिच्यावर पडतं, आणि उतार तिचाच कमी. तासाला १०० मिमीची सर आली तर तुमच्या त्या पाख्यावरून मिनिटाला साधारण ११० लिटर पाणी येतं. जुन्या घरांत जिथे उतार मोडतो तिथेच ओल सापडते, ती यामुळे. पडवीला पत्रा घाला, दिसायला हवं तर त्याच्यावर कौलं.

गॅल्व्हल्यूम

पत्र्याबद्दल. १८ अंश पत्र्याला उत्तम आहेत, सांधा नीट असेल तर पत्रा १० वरही पाणी काढतो. म्हणजे तुमच्या ड्रॉइंगमधला उतार चूक नाही, त्याच्यावर घातलेलं सामान चूक आहे. एक काहीतरी बदला, उतार तरी नाहीतर कौल तरी.

पत्रा करणार असाल तर या गोष्टी लिहून घ्या:

अ‍ॅल्युमिनियम-झिंक लेप १५० ग्रॅमचा, वर रंग, जाडी ०.५ मिमी. दुकानदार रंगासकट जाडी सांगतो. लेपाच्या आतल्या पोलादाची जाडी विचारा.

एका पाख्याला एकच अखंड पत्रा. १८ अंशांवर तुमच्या पाख्याची लांबी १९ फूट आहे, म्हणजे २० फुटांच्या आत, ट्रकमध्ये बसते. आडवा सांधाच नको, म्हणजे तिथून गळायचा प्रश्न मिटला. सांधा द्यावाच लागला तर उतार २० अंशांच्या वर असताना पत्रा पत्र्यावर ६ इंच चढवा, त्याच्या खाली ९ इंच आणि मध्ये ब्यूटाइलची (चिकट रबरी) पट्टी.

घालायची सुरुवात उत्तरेच्या टोकाकडून. पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो. उत्तरेकडून सुरू केलं की पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर चढतो आणि सांध्याचं तोंड वाऱ्याला पाठमोरं राहतं. कारागीर जिकडे शिडी लावलेली तिकडून सुरू करतात, तेव्हा सकाळी पहिला पत्रा चढताना तुम्ही स्वतः हजर राहा.

आडव्या पाईपांमधलं अंतर ४ फूट, वळचण आणि आढ्याजवळच्या खणात अडीच फूट. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खळग्यात नाही. कडेच्या ओळींत प्रत्येक उंचवट्यावर, मध्ये एकाआड एक. रबरी वायसर किंचित फुगेल इतकंच आवळायचं. मशीन फुल्ल दाबून वायसर चिरडला की दुसऱ्या उन्हाळ्यात तो तडकतो. आणि भोकं पाडताना उडालेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडूने काढा. रात्रीतून त्याला गंज चढतो आणि तो लेपात उतरतो.

नुसत्या पत्र्याला दोन तोटे. उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही आणि पावसात फोनवर बोलता येत नाही. म्हणून पत्रा आणि वर कौलं हा प्रकार हल्ली खूप चाललाय. त्यात एकच गोष्ट सगळे चुकतात. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकतात. मग प्रत्येक रीप म्हणजे एक बांध. कौलांखाली आलेलं पाणी आणि पाला तिथे अडतो, आणि स्क्रूचं भोक नेमकं त्याच ओल्या रेषेत. आधी उंचवट्यांवरून उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या मारा, एक इंचाच्या, त्यांच्यावर आडव्या रिपा. खालून पाणी वाहून जातं, हवाही खेळते आणि घर गार राहतं.

माकडांचा त्रास असेल तर हाच प्रकार घ्या. वानरांची टोळी एका फेरीत दहा-वीस कौलं फोडते, उतार ३० असो की ४५. खाली पत्रा असला तर निदान त्या रात्री घरात पातेली मांडावी लागत नाहीत.

माळवद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून.

माळवद अगदी सपाट नसतं. दहा फुटांना दोन-तीन इंच ढाळ असतो, पाणी भिंतीतल्या पन्हळीकडे जाईल इतपत. त्याहून जास्त ढाळ द्यायचा नसतो, कारण वर माती आहे. पाणी जोरात वाहिलं तर मातीच घेऊन जातं. कौलाला पाणी पळवायचं असतं, माळवदाला ते सावकाश घालवायचं असतं. तिकडे पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिमी, तोही तुकड्यातुकड्याने. सरीनंतर ऊन पडतं आणि माती परत वाळते. कोकणासारखे सलग पंधरा दिवस झड लागली तर कुठलंही माळवद तग धरणार नाही.

वरची माती कुठलीही चालत नाही. खारवट पांढरी माती लागते. ती ओली झाली की तिचे कण सुटे होऊन बारीक छिद्रं बुजवतात, पाणी खाली जिरत नाही, आणि खारामुळे तिच्यात गवत उगवत नाही. गवताचं मूळ म्हणजे गळतीची वाट. खाली तुळया, त्यांच्यावर आडवी लाकडं, मग बारीक काड्या-पाला, वर मातीचे थर. फूटभर मातीतून दुपारचं ऊन आत उतरायला रात्र होते, तोवर माणसं उठून माळवदावर झोपायला गेलेली असतात. कुरडया, सांडगे, मिरच्या, तूर, सगळं तिथेच वाळतं. कमी पाऊस, कडक ऊन आणि लांब लाकडाची टंचाई, या तीन गोष्टींतून हे छप्पर आलंय.

एक मोठा दोष आहे तो झाकू नये. दरवर्षी पावसाळ्याआधी नवा थर चढतो, जुना कुणी काढत नाही. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या वर. कौलारू छपराच्या किती पट ते वरच्या आकड्यांवरून बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची ही जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. ज्यांची माळवदं अजून उभी आहेत त्यांनी नवा थर घालण्याआधी जुना खरवडून काढावा, एकूण जाडी फुटाच्या आत ठेवावी.

टोरांटोकर

विषय निघालाच आहे तर बर्फाचं थोडं. 'बर्फ पडतो तिथे छप्पर एकदम उभं' हे नेहमी खरं नसतं. आल्प्समधल्या जुन्या लाकडी घरांचा उतार तुमच्या १८-२० अंशांइतकाच असतो, वर दगड ठेवलेले. बर्फ छपरावर राहू देतात, तेच थंडीतलं पांघरूण. मात्र वासे तेवढे जाड. लेहमध्ये बर्फ पडतो तरी घरं धाब्याची, कारण तिथे पाऊस-बर्फ मिळून वर्षाचं पाणी १०० मिमीच्या आसपास. बर्फ फावड्याने ढकलून देतात. बार्शी आणि लेह एकाच कारणाने सपाट आहेत.

इकडे कॅनडात डांबरी शिंगल्सना (छपरावर एकावर एक ठोकायच्या पातळ डांबरी पट्ट्यांना) १२ ला ४ चढ, म्हणजे साडेअठरा अंश, ही नेहमीची खालची मर्यादा. १२ ला २ पर्यंत जाता येतं, पण खाली दुहेरी थर घालून. इथलं मोठं दुखणं वळचणीचं आहे. घरातली ऊब माळ्यावर गेली की बर्फ खालून वितळतो, पाणी उतरत वळचणीपर्यंत येतं, तिथे खाली ऊब नसते म्हणून परत गोठतं आणि बांध तयार होतो. मागे साचलेलं पाणी शिंगल्सखालून वर चढतं. वासे_रीप यांनी सांगितलेला उलटं चढणाऱ्या पाण्याचाच प्रकार, फक्त ढकलणारा वारा नाही.

पोफळबाग

वासे_रीप, आडोशाचा मुद्दा पटला. सडेकर, अजून एक: कुणी 'तिरका स्लॅब टाका आणि वर कौलं चिकटवा' असं सुचवलं तर?

स्ट्रक्चर_वाला

सुचवतातच. ३० अंशांवर काँक्रीट घसरतं, वरूनही फळ्या माराव्या लागतात, नाहीतर वर पातळ आणि खाली जाड असा स्लॅब मिळतो. ओतायचं खालून वर, घट्टसर कालवून. आणि कौल सिमेंटमध्ये बसवलं की त्याची पाठ कधी वाळत नाही, ओल स्लॅबमध्ये मुरते, पाच-सात वर्षांत सळई गंजते. करायचंच असेल तर स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, मग उभ्या पट्ट्या, मग रिपा, मग सुटी कौलं. तेवढ्या पैशात दोन छपरं होतात.

सडेकर

ड्रॉइंग बदलायला दिलं. मुख्य छप्पर ३० अंश कौलं, पडवी १८ अंश पत्रा आणि वर कौलं, भिंत ११ फूट. डिझायनर आता स्वयंपाकघर पुढे काढून घराचा आकार एल (L) करू म्हणताहेत. चालेल? आणि रिपा किती अंतरावर मारायच्या, १२ इंच की १३?

वासे_रीप

एल टाळता आला तर टाळा. दोन पाखी काटकोनात मिळतात तिथल्या पन्हळीचा उतार पाख्याइतका नसतो. दोन्ही पाखी ३० अंशांची असली तरी पन्हळ फक्त २२ अंशांची होते, आणि दोन पाख्यांचं पाणी तिच्यात. करणारच असाल तर पन्हळीचा पत्रा २४ इंच रुंद, दोन्ही कडा इंचभर वर दुमडलेल्या, आणि कापलेली कौलं पत्र्यावर दोन्हीकडून ४ इंच आत आलेली. मध्ये हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवा, पाला तिथेच अडतो.

रिपांचं अंतर कागदावर ठरवू नका. कारखान्याप्रमाणे, भट्टीप्रमाणे कौल दोन-चार मिमी इकडे-तिकडे होतं. आधी कौलं आणून टाका. सपाट जागेवर बारा कौलं एकाखाली एक लावा. एकदा पूर्ण ताणून पहिल्या कौलाच्या पाठीवरच्या खुंटीपासून (रिपेला अडकणाऱ्या उंचवट्यापासून) शेवटच्या कौलाच्या खुंटीपर्यंत मोजा, एकदा पूर्ण दाबून. दोन्हीची सरासरी काढा, अकराने भागा. तेच तुमचं अंतर, साडेबारा इंचांच्या आसपास येईल. मग वळचणीपासून आढ्यापर्यंतची लांबी त्याने भागून बघा. शेवटी अर्धं कौल उरत असेल तर वळचण दोन-तीन इंच कमीजास्त करा, आढ्याखाली कौल कापू नका.

वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. तिच्याखाली दुसरं कौल नाही ना, त्यामुळे ती उंच केली नाही तर पहिली ओळ खाली झुकते, दुसऱ्या ओळीशी तिची फट पडते आणि वारा तिथूनच आत शिरतो. रिपा २ बाय १ इंच, वासे २ फुटांवर. लोखंडी रिपा घेतल्यात तर वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यावर त्याच दिवशी झिंकचा रंग.

कौल घेताना दोन कौलं एकमेकांवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. दहा कोरडी कौलं वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून परत वजन करा. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो ट्रक परत पाठवा. आढ्यावरची कौलं बसवायला सिमेंट-वाळू १:६ पुरे. त्याहून कडक माल घातला की उन्हाने त्याला चीर जाते आणि पाणी थेट आढ्यावर उतरतं.